29 फेब्रुवारी 2010: नसलेल्या दिवसात अडकलेला प्लेस्टेशन

प्रश्न थोडक्यात असा आहे: "2010 साली माझ्या दादाकडे जुना, जाडा प्लेस्टेशन 3 होता. धुळवडीच्या सकाळी त्याने तो सुरू केला तर तारीख 2000 सालची दिसत होती. गेम चालेना, ऑनलाइन लॉगिन होईना. दुकानदार म्हणाला, बोर्ड गेला. दुसऱ्या दिवशी काहीही न करता सगळं नीट झालं. दादा अजून म्हणतो की व्हायरस होता. नक्की काय झालं होतं? तो सेट आता माझ्याकडे आहे, पुन्हा असं होईल का? मी इलेक्ट्रॉनिक्स डिप्लोमाला आहे, प्रोजेक्टमध्ये घड्याळाची चिप वापरतोय, म्हणूनही विचारतो."

व्हायरस नव्हता आणि बोर्डही गेला नव्हता. तुमच्या दादाच्या सेटसोबत त्या दिवशी जगभरातले जाडे प्लेस्टेशन 3 असेच अडकले होते. मी वीसेक वर्षं छोट्या यंत्रांच्या आतलं सॉफ्टवेअर लिहितो, त्यातला बराच काळ घड्याळाच्या चिपांशीच गेला. त्यामुळे या प्रकरणाबद्दल मला जरा जास्तच आत्मीयता आहे. उत्तर लांबेल.

आधी वेळ बघा. 1 मार्च 2010, सोमवार. बिघाड सुरू झाला तो ग्रिनिच वेळेनुसार मध्यरात्री, तारीख 28 फेब्रुवारीवरून पुढे सरकताना. आपल्याकडे तेव्हा पहाटेचे साडेपाच वाजले होते. टोकियोत सकाळचे नऊ, तर न्यूयॉर्कमध्ये अजून रविवार संध्याकाळचे सात. म्हणून अमेरिकेतल्या लोकांच्या आठवणीत हा बिघाड 28 फेब्रुवारीचा आहे आणि आपल्याकडच्यांच्या आठवणीत धुळवडीचा. क्षण एकच होता. वेगवेगळ्या देशांतली यंत्रं एकाच क्षणी अडकली, यावरूनच जाणत्या माणसाला पहिली गोष्ट कळते: यंत्राच्या आतलं घड्याळ स्थानिक वेळेवर चालत नाही, ग्रिनिच वेळेवर चालतं. पडद्यावर दिसणारी वेळ त्यात आपले साडेपाच तास मिळवून दाखवलेली असते.

सोनीने त्या दिवशी जी लक्षणं जाहीर केली, ती तुमच्या दादाच्या अनुभवाशी तंतोतंत जुळतात. तारीख 1 जानेवारी 2000 वर जाते. प्लेस्टेशन नेटवर्कवर साइन-इन होत नाही. गेम सुरू करताना 'ट्रॉफी इन्स्टॉल करता आल्या नाहीत, गेममधून बाहेर पडा' असा संदेश येतो; ट्रॉफी म्हणजे गेममध्ये एखादा टप्पा गाठल्यावर मिळणारी बक्षिसं. भाड्याने घेतलेले व्हिडिओ मुदत शिल्लक असूनही चालत नाहीत. आणि सगळ्यात बोलकं लक्षण म्हणजे, तारीख इंटरनेटवरून लावायला गेलं की 'सध्याची तारीख आणि वेळ मिळवता आली नाही' असा संदेश आणि त्यापुढे 8001050एफ हा कोड. नवे सडपातळ सेट, म्हणजे 2009 च्या सप्टेंबरात आलेले स्लिम, यातून पूर्ण सुटले. कंपनीने जाड्या सेटवाल्यांना सांगितलं की दुरुस्ती होईपर्यंत यंत्र सुरूच करू नका, ट्रॉफी आणि काही डेटा कायमचा जाऊ शकतो. तो सल्ला योग्यच होता, पण ज्यांनी सकाळी उठून सवयीने बटण दाबलं त्यांच्यापर्यंत तो पोचणार कसा?

चोवीस तासांनी, ग्रिनिचला 2 मार्च लागला तेव्हा, सगळं पूर्ववत झालं. कुठलाही अपडेट आला नाही. सोनीने कारण सांगितलं ते एका ओळीचं: यंत्रातल्या घड्याळाने 2010 हे लीप वर्ष धरलं होतं. आतली तारीख 29 फेब्रुवारीवरून 1 मार्चवर गेली आणि अडचण संपली. त्यानंतरही कोणाची तारीख चुकीची दिसत असेल तर ती हाताने किंवा इंटरनेटवरून लावता येत होती, जी आदल्या दिवशी लावता येत नव्हती.

आता खरा प्रश्न. इतक्या मोठ्या कंपनीच्या यंत्राला 2010 लीप वर्ष का वाटलं? 2010 ला चारने भाग जात नाही, हे चौथीतलं पोर सांगेल. इथून पुढचं स्पष्टीकरण कंपनीने दिलेलं नाही, ते माझ्यासारख्या धंद्यातल्या लोकांनी बांधलेलं आहे. पण पुरावा इतका नेमका बसतो की मला दुसरं काही पटत नाही.

घड्याळाच्या बहुतेक चिपा तारीख साध्या द्विमान संख्येत, म्हणजे 0 आणि 1 च्या सरळ मोजणीत, ठेवत नाहीत. त्या बीसीडी पद्धतीने ठेवतात. शाळेत आपण एकं, दहं अशी घरं आखायचो ना, तसंच. बिट म्हणजे 0 किंवा 1 ची एक जागा; अशा आठ बिटांच्या एका बाइटचे दोन अर्धे करायचे. वरच्या चार बिटांत दहंचा अंक, खालच्या चारांत एकंचा अंक. वर्षाचे फक्त शेवटचे दोन अंक. म्हणजे 2009 साठी वरच्या घरात 0, खालच्या घरात 9. आणि 2010 साठी वरच्या घरात 1, खालच्या घरात 0. ही पद्धत जुनी आहे आणि सोयीचीही: अंक सरळ उचलून पडद्यावर दाखवता येतात, भागाकार करावा लागत नाही.

गोची अशी की तोच बाइट कोणी घरं न बघता सरळ द्विमान संख्या म्हणून वाचला, तर वरच्या घराची किंमत दहा राहत नाही, सोळा होते. मग 01 ते 09 पर्यंत दोन्ही वाचनं सारखीच येतात, काही फरकच पडत नाही. पण 10 म्हणून लिहिलेलं 16 वाचलं जातं. आणि 16 ला चारने भाग जातो. झालं, लीप वर्ष!

इथे वही-पेन्सिल घेऊन तुम्ही स्वतः हिशेब करून बघाच, कारण पुढचं त्यावर अवलंबून आहे. चुकीच्या वाचनात वर्षाची किंमत होते सोळा गुणिले दहंचा अंक, अधिक एकंचा अंक. सोळाच्या पटीला चारने भाग जातोच, म्हणजे निकाल फक्त एकंच्या अंकावर ठरतो. 0, 4 किंवा 8 असेल तर लीप, नाहीतर नाही. आता 2000 ते 2009 बघा: 2000, 2004, 2008. तिन्ही खरोखर लीप वर्षं. म्हणजे सबंध दशकभर चुकीचं वाचन बरोबर उत्तर देत राहतं. प्लेस्टेशन 3 बाजारात आला 2006 च्या नोव्हेंबरात. 2008 चा 29 फेब्रुवारी त्याने बिनचूक पार केला. चाचणी करणाऱ्याने लीप वर्ष तपासायचं म्हणून 2008 लावून बघितलं असेल तर तो 'ठीक आहे' अशी खूण करून पुढे गेला असणार, आणि त्याला दोष देता येत नाही. चूक उघडी पडण्याची पहिली शक्य घडी होती 28 फेब्रुवारी 2010 ची मध्यरात्र. आणि ती बरोबर त्याच घडीला पडली. म्हणून मला हे स्पष्टीकरण पटतं.

शिवाय त्या वर्षी हे एकट्या प्लेस्टेशनला झालं नाही. 2010 उजाडल्याबरोबर जर्मनीत सुमारे 3 कोटी बँक कार्डं एटीएम आणि दुकानांत नाकारली जाऊ लागली, कारण त्यांच्या चिपमधल्या सॉफ्टवेअरला 2010 हे वर्ष नीट वाचता येत नव्हतं. ऑस्ट्रेलियात एका बँकेची कार्ड स्वाइप करायची यंत्रं 1 जानेवारीला थेट 2016 मध्ये गेली आणि ग्राहकांची कार्डं मुदत संपलेली समजू लागली. विंडोज मोबाइलच्या काही फोनांवर येणाऱ्या एसएमएसवर 2016 ची तारीख पडत होती. 2010 च्या जागी 2016! दहाचे सोळा होणं म्हणजे या चुकीची सहीच आहे. 2000 सालच्या वायटूके घोळासाठी जगाने वर्षानुवर्षं तयारी केली. 2010 कडे मात्र कोणी वळून बघितलं नाही.

मी हे इतक्या खात्रीने सांगतो त्याला आणखी एक कारण आहे. नोकरीच्या पहिल्या वर्षी मीही हीच चूक केली होती. हजेरीचं यंत्र होतं, आत डीएस 1307 ही घड्याळाची चिप. महिन्याच्या 8 तारखेला मी ते साहेबांना दाखवलं, उत्तम चाललं. 9 तारखेला कारखान्यात बसवलं. 10 तारखेला सकाळी फोन आला की यंत्रावर 16 तारीख दिसते. दिवसाचा बाइट बीसीडीतून साध्या संख्येत बदलून घ्यायचा होता, तो मी सरळ वाचला होता. पहिले नऊ दिवस ती चूक दिसणारच नव्हती. त्या पाळीच्या कामगारांची हजेरी मी हाताने दुरुस्त केली, एकेक ओळ तपासून. माणसांच्या पगाराचा प्रश्न होता. तेव्हापासून तारखेचा कोड मी कधीही 'चालतोय' एवढ्यावर सोडलेला नाही.

पण एक दिवसाची चूक म्हणजे नुसती तारीख चुकीची दिसायला हवी. यंत्रच का अडलं? मला या सगळ्या प्रकरणात हा भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

यंत्रात तारखेचा हिशेब करणारे दोन थर असतात. खाली घड्याळ, वर प्रणालीचं सॉफ्टवेअर. खालच्या घड्याळाने सांगितलं, आज 29 फेब्रुवारी 2010. वरच्या सॉफ्टवेअरला लीप वर्षाचा नियम बरोबर माहीत होता. त्याने बघितलं, अशी तारीख असूच शकत नाही, म्हणून ती नाकारली. वैध तारीख हातात नाही, मग आधारबिंदू म्हणून 1 जानेवारी 2000. वरचा थरही तितकाच चुकीचा असता तर कदाचित कोणाला काही कळलं नसतं, दिवसभर पडद्यावर 29 फेब्रुवारी दिसला असता इतकंच. एक थर चुकीचा आणि दुसरा बरोबर, म्हणून यंत्र अडकलं. 8001050एफ चा संदेशही यातूनच समजतो. इंटरनेटवर बरोबर तारीख उपलब्ध होतीच. पण ती लावायची म्हणजे आधी आतलं घड्याळ वाचायचं, आणि तिथेच वाट बंद. लोक बिचारे राउटर बंद-चालू करत बसले, केबल बदलत बसले.

त्यात या पिढीच्या कन्सोलमध्ये, म्हणजे गेम खेळायच्या यंत्रांत, तारखेवर फार गोष्टी टांगलेल्या होत्या. नेटवर्कवर साइन-इन करताना सर्व्हर आणि यंत्र यांची वेळ जुळावी लागते, नाहीतर ओळखपत्राची मुदत ठरवता येत नाही. भाड्याच्या व्हिडिओचं तेच. आणि ट्रॉफी कधी मिळवली याची नोंद तारखेसह होते. आता ट्रॉफीची नोंद होत नसेल तर खेळू द्यावं आणि ट्रॉफी नंतर बघावी, हे साधं शहाणपण झालं. पण ट्रॉफीची तयारी गेम सुरू होतानाच होते. ती फसली की गेमलाच बाहेर काढलं जात होतं. डिस्क तुमची, यंत्र तुमचं, गेम एकट्याने खेळायचा, इंटरनेटचा संबंध नाही, तरी खेळता येत नाही. ज्याने हा क्रम ठरवला त्याने वाईट हेतूने ठरवला नसणार. पण घड्याळ कधी खोटं बोलेल ही शक्यताच त्याने धरली नाही, आणि याची किंमत दादासारख्या लाखो लोकांनी एका दिवसापुरती मोजली.

असाच एक प्रसंग आधी चौदा महिन्यांपूर्वी घडून गेला होता. 31 डिसेंबर 2008 रोजी मायक्रोसॉफ्टचा 30 जीबीचा झून, गाणी ऐकायचं यंत्र, जगभर एकदम गोठला. त्याचा कोड नंतर सगळ्यांना वाचायला मिळाला, त्यामुळे तिथे अंदाजाची गरजच नाही. त्यातलं घड्याळ 1 जानेवारी 1980 पासून झालेले दिवस मोजायचं आणि त्यावरून वर्ष काढायचं: दिवस 365 पेक्षा जास्त आहेत तोवर एकेक वर्ष वजा करत राहा. लीप वर्ष असेल तर 366 पेक्षा जास्त असतील तेव्हाच 366 वजा करा. आता 2008 च्या शेवटच्या दिवशी उरले बरोबर 366. 365 पेक्षा जास्त म्हणून फेरा चालू राहतो. 366 पेक्षा जास्त नाहीत म्हणून वजा काहीच होत नाही. पुन्हा फेरा, पुन्हा तेच. यंत्र त्या गोल गोल फेऱ्यातच बसून राहिलं. कंपनीचा उपाय होता: बॅटरी पूर्ण उतरू द्या आणि 1 जानेवारीला ग्रिनिच वेळेने दुपारी बारानंतर चार्ज करा. तुमच्या वर्गातल्या मुलांना हा कोड फळ्यावर लिहून दाखवा. कुठे चुकलं ते शोधायला चांगल्या चांगल्यांना पाच मिनिटं लागतात.

पुन्हा होईल का, या प्रश्नाकडे येतो. वर काढलेला नियम पुढे लावला तर 2012 हे खरं लीप वर्ष यंत्राला साधं वाटायला हवं होतं, 2014 आणि 2018 ही साधी वर्षं लीप वाटायला हवी होती. पण त्या वर्षी 2010 सारखा गोंधळ उडाला नाही. म्हणजे मधल्या एखाद्या सॉफ्टवेअर अपडेटमध्ये यावर इलाज झाला, असं मी धरतो. 2020, 2024, 2028 ही वर्षं चुकीच्या वाचनातही बरोबर येतात, हे तुम्ही हिशेबातून बघितलंच. त्यामुळे जाड्या सेटवर सॉफ्टवेअर अगदी 2010 च्या काळातलं असेल तर ते अद्ययावत करून घ्या. बाकी त्या विशिष्ट बिघाडाची धास्ती नको.

जाड्या सेटला आता खरा धोका दुसरा आहे, तो म्हणजे आतल्या सेलचा. घड्याळ चालू ठेवण्यासाठी यात 3 व्होल्टचा सीआर 2032 सेल असतो. यंत्र प्लगमधून काढलं तरी त्यावर घड्याळ चालतं. तुमच्या सेटला पंधराहून जास्त वर्षं झाली, सेल मूळचा असेल तर तो संपत आला असणार. लक्षण ओळखायला सोपं: वीज गेली किंवा प्लग काढला की तारीख पुन्हा सुरुवातीला जाते. तारीख अशी गेली की डाउनलोड केलेले गेम आणि ट्रॉफी पुन्हा अडतात, आणि ती नीट व्हायला नेटवर्कला जोडावं लागतं. ज्या दिवशी कंपनी त्या जुन्या नेटवर्कचे सर्व्हर बंद करेल, त्या दिवसानंतर काय? प्लेस्टेशन 4 मध्येही हीच भीती होती. लोकांनी सेल काढून, इंटरनेट तोडून चाचण्या केल्या, आवाज उठवला, आणि 2021 च्या सप्टेंबरात आलेल्या 9.00 या सॉफ्टवेअरने सेल संपला तरी गेम चालतील असं केलं. चिकाटीने पाठपुरावा करणाऱ्या त्या लोकांबद्दल मला मनापासून आदर आहे.

तर सेल बदला. मल्टिमीटरवर 2.7 व्होल्टच्या खाली दिसला तर वाट बघू नका. सेलला तारा जोडलेल्या असतील तर तसाच तारा आणि कनेक्टर असलेला नवा सेल घ्या, मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात बुधवार पेठेत मिळून जाईल. साध्या सेलवर सरळ सोल्डरिंगचा डाग देऊ नका. उष्णतेने सेल खराब होतो, फुटूही शकतो. काढण्याआधी कनेक्टरच्या बाजू लक्षात राहाव्यात म्हणून फोटो काढा. सेव्ह केलेल्या गेमची प्रत आधी पेनड्राइव्हवर घ्या.

आणि तुमचा प्रोजेक्ट. तुम्ही डीएस 1307 किंवा डीएस 3231 वापरत असाल असं गृहीत धरतो, कारण बहुतेक मुलांच्या हातात तीच येतात. लीप वर्षाचा हिशेब या चिपा स्वतः बरोबर करतात, 2100 सालापर्यंत. घोळ होतो तो आपण वाचताना. प्रत्येक बाइटसाठी वरचे चार बिट वेगळे काढा, दहाने गुणा, खालचे चार मिळवा. हे काम एकाच फंक्शनमध्ये ठेवा आणि सेकंदापासून वर्षापर्यंत सगळं त्यातूनच न्या, कारण एक जागा सुटली की तीच नडते. वाचण्याआधी नको असलेले बिट पुसा: डीएस 1307 मध्ये सेकंदांच्या बाइटचा सगळ्यात वरचा बिट घड्याळ थांबवण्याचा असतो, तासांच्या बाइटमध्ये बारा-चोवीस तास ठरवणारा बिट असतो, आणि डीएस 3231 मध्ये महिन्याच्या बाइटला शतकाचा बिट जोडलेला असतो. चिपकडून अशक्य तारीख आली, समजा महिना 13, तर यंत्र बंद पाडू नका. शेवटची चांगली तारीख धरा, पडद्यावर खूण दाखवा आणि मूळ काम चालू ठेवा.

परीक्षकांना दाखवण्याआधी चिपवर या वेळा लावून प्रत्येकी दोन मिनिटं बघा: 9 तारखेची रात्र 11:59, 31 डिसेंबर 2028 ची रात्र, 28 फेब्रुवारी 2028 ची रात्र, आणि 28 फेब्रुवारी 2030 ची रात्र. शेवटची विसरू नका. 30 हे घरं न बघता वाचलं तर 48 होतं.